सर-सिलेक्शन

"आधी पाणी प्या, मग शिव्या द्या," असं म्हणून सर आपली बाटली पुढे करायचे. मॅच हरल्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे तावातावाने त्यांच्याकडे निघालो, की ते दुरूनच बाटलीचं झाकण उघडायला लागत. पाणी पिताना माणसाला शिव्या देता येत नाहीत, आणि पिऊन झाल्यावर त्या आठवत नाहीत, हे त्यांचं शास्त्र.

सरांचा विषय निघाला की मी विषय बदलतो. गेली काही वर्षं हेच चाललं आहे. घरी, ग्रुपवर, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत. पण आता माझ्याकडे गुडघे सोडले तर बदलायला दुसरा विषय उरलेला नाही. तेव्हा सांगून टाकतो.

सर म्हणजे आमच्या टीमचे कोच. मूळचे सांगलीकडचे, कबड्डीतले. इथे शारजात एका काँट्रॅक्टिंग कंपनीत सेफ्टी ऑफिसर. खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघणार, आणि कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की बोलत बोलत वाकून स्वतःच बांधणार. मिशा काळ्या करायचे. शारजाच्या उकाड्यात हाफ टाइमपर्यंत तो काळा रंग ओठावर उतरायचा. आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारायचो, पण त्यांना कुणी सांगायचं नाही. टीकेचे आमचे विषय जास्त गंभीर होते.

आमच्या अल नहदा भागातल्या मराठी मुलांची कबड्डीची टीम सर चालवत असत. त्यांच्या कंपनीतल्या एका ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने एकदा ती बघितली आणि म्हणाला, ही मुलं रग्बी लीग का खेळत नाहीत? अंड्यासारखा चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्याने कवेत घेऊन पाडायचं. सरांनी व्हिडिओ बघून खेळ शिकून घेतला, दोन-चार मलयाळी आणि नेपाळी मुलं सामील करून घेतली, आणि तेरा जणांची टीम उभी राहिली.

आणि टीम उभी राहिल्यावर आम्ही बसलो. मुलाच्या व्हिसावर राहणाऱ्या निवृत्त बापाइतका मोकळा टीकाकार जगात दुसरा नसेल. तुम्हीही असे बघितले असतील. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये चहा, आणि प्रत्येकाकडे स्वतःची टीम. त्यांच्यात मी सगळ्यांत जाणकार. माझी पात्रता सांगतो. शाळेत एकदाच कबड्डी खेळलो, तेव्हा चष्मा पडला आणि तो शोधायला वाकलो असताना मला बाद दिलं. नंतर सगळी हयात पुण्यात बँकेत गेली. रग्बी लीगमध्ये चेंडू हाताने पुढे टाकायचा नसतो, मागेच टाकायचा असतो, हा पहिला नियम. मी सबंध पहिला सीझन "पुढे टाक, पुढे टाक" ओरडत काढला. शेवटी शेजारचे नाईक म्हणाले, "अहो, त्याने खरंच ऐकलं तर पंचाईत होईल."

माझा मुलगा निखिल टीममधला जुना आणि दांडगा खेळाडू. त्याला ग्रुपवर 'शारजाचा बुलडोझर' हे नाव मीच दिलं. मॅच सुरू असताना मी व्हॉइस मेसेज टाकत असे आणि नातू बाजूला कान झाकून म्हणे, "आजोबा, यू आर सो लाउड."

त्या वर्षी घरात नात पिंकी आली, आणि आमची टीम पहिल्यांदा सेमीफायनलला पोहोचली. समोर दुबई मरीनाकडची टीम, उंच उंच गोऱ्यांची. आदल्या दिवशी सरांनी नावं जाहीर केली. निखिल नाही. त्याच्यासोबतचे आणखी दोन जुने खेळाडूही नाहीत. त्यांच्या जागी तीन मुलं अशी, की ज्यांच्या जर्सीच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

कॅफेटेरियात कडक चहावर आमची बैठक बसली.

"कोवळी पोरं घेतलीयत. त्या रेड्यांपुढे टिकणार आहेत का?" नाईक म्हणाले.

"त्यातला एक सरांच्या गावाकडचा आहे," मी म्हणालो. खरं तर तो चिपळूणचा होता. चिपळूण आणि सांगली यांच्यात अख्खा सह्याद्री आहे, पण रागाला भूगोल कळत नाही.

"नवीन रक्त पाहिजे, असं असेल त्यांचं म्हणणं."

"रक्त काय, ते दिसेलच उद्या मैदानावर."

सगळे हसले. असं हसू मिळालं की मी थांबत नाही.

मी सरांकडे गेलो. त्यांनी बाटली काढली. मी ती घेतली नाही. "सर, अनुभवाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे की, काका."

"मग निखिलला का वगळलंत?"

सरांनी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. माझी नाडी बांधलेली होती. "टीम मी निवडलीय," ते म्हणाले. "जे काय बोलायचं ते मला बोला. त्याला घरी काही बोलू नका."

मॅच आम्ही वाईट हरलो. ती तीन मुलं जीव तोडून खेळली, पण समोरच्यांच्या अंगावर आपटून परत येत होती. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर एक शब्द टाकला, 'सर-सिलेक्शन'. लोकांना तो इतका आवडला की आठवड्याभरात तो भाजीबाजारापर्यंत पोहोचला. कुणी आंबट हापूस आणला की, "काय हे, सर-सिलेक्शन?" कुणाच्या भाचीचं जमलेलं लग्न मोडलं तरी तेच.

पुढे नाईकांच्या हॉलमध्ये टीमच्या कमिटीची मीटिंग झाली. साबुदाणावडे होते. मी भाषण केलं. घराणेशाही, गाववाले, ज्येष्ठांचा अपमान, असं बरंच काही बोललो. बँकेत युनियनच्या काळात जमलं नव्हतं ते भाषण तिथे जमलं. निखिल कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, पोराला किती लागलंय बघा. वगळलेल्या इतर दोघांपैकी एक जण रडवेला होऊन म्हणाला, "सर, निदान कारण तरी सांगा." त्याच्याकडे बघून सरांचा चेहरा पडला. पहिल्यांदाच.

"तुझं बरोबर आहे," सर म्हणाले. "कारण सांगता येत नाही. चूक माझी."

हात वर करून मत घेतलं. नवा कोच आणायचा, असं ठरलं. सगळ्यांत आधी वर गेलेला हात माझा होता, आणि त्यात अर्धा वडा होता. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून टीपॉयवर ठेवली, जाताना दाराशी पडलेल्या चपला नीट एका ओळीत लावल्या, कुणी अडखळू नये म्हणून, आणि गेले. थोड्या दिवसांनी कंपनीने त्यांना अबू धाबीकडच्या साइटवर पाठवलं.

निखिलने मला सांगितलं ते वर्षभराने, दुबईहून शारजाला येताना, ट्रॅफिकमध्ये. आमच्याकडे बाप-लेकाचं बोलणं ट्रॅफिक जॅममध्येच होतं. तिथून कुणाला उठून जाता येत नाही.

"बाबा, मला घेऊ नका असं सरांना मीच सांगितलं होतं."

मी एसीची जाळी इकडची तिकडे केली.

"आधीच्या मॅचमध्ये त्या नेपाळी मुलाचं खांद्याचं हाड मोडलं ना, तो आवाज मी शेजारून ऐकला. पिंकी तेव्हा दीड महिन्याची होती. त्यानंतर कुणी अंगावर धावून आलं की मी डोळे मिटून घ्यायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्ही ग्रुपवर बुलडोझर लिहीत होतात, बाबा."

पुढची गाडी हलली. आम्ही हललो नाही. मागच्याने हॉर्न दिला.

निखिलने सरांना विचारलं होतं, लोकांना काय सांगायचं. सर म्हणाले होते, "एकट्या तुला काढलं तर लोक तुझ्याकडे बघतील. तिघांना काढलं तर मला येडा म्हणतील. म्हणू देत."

त्या दुसऱ्या दोघांवर अन्याय झाला, मॅच गेली, हे खरंच. सर काही देवमाणूस नव्हते. त्यांनी माझ्या मुलासाठी टीमचं नुकसान केलं, आणि ते त्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये त्यांचा चेहरा पडला तो त्यामुळेच.

"कुणाला सांगू नका हं, बाबा," निखिल म्हणाला, आणि मला हायसं वाटलं. सरांची माफी मागायची तर मुलाची भीती चारचौघांत उघडी पडणार. म्हणजे मी गप्प बसायचं ते मुलासाठी. इतकी सोयीची शपथ मला आयुष्यात कुणी घातली नव्हती.

गेल्या वर्षी सर गावी सुट्टीवर गेले आणि तिकडेच वारले. ग्रुपवर बातमी आली, तेव्हा मीही सगळ्यांसारखे जोडलेल्या हातांचे इमोजी टाकले. खाली नाईकांनी लिहिलं, 'माणूस लाख मोलाचा, फक्त ते एक सिलेक्शन चुकलं.' त्याला सतरा अंगठे आले. माझाही होता की नव्हता, ते परत जाऊन बघायचं धाडस मला झालेलं नाही. परवा निखिलच म्हणाला, "बाबा, आता लिहा. माझं लिहा. मला चालेल."

एकदा, ते हयात असताना, मी त्यांच्याकडे गेलो होतो. तेवढं सांगतो आणि थांबतो.

अबू धाबीजवळ, मोहम्मद बिन झायद सिटीत त्यांचा छोटा फ्लॅट होता. निखिल मला खाली सोडून सामान आणायला गेला. वाक्य मी पाठ करून आलो होतो. वहिनींनी पोहे दिले. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली कुठलीशी रग्बी लीगची मॅच लागली होती.

"सर," मी सुरुवात केली, "ते त्या वेळी..."

"काका, बघा, बघा," सरांची नजर पडद्यावर. "ह्यांच्या कोचने दोन अगदी नवी पोरं उतरवलीत. सगळे तुटून पडलेत त्याच्यावर. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं, असं विचारल्यावर मी कधी गप्प बसलो आहे? मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि बोलत सुटलो. अनुभव, वजन, डावी बाजू. सर वाद घालत होते, मध्येच मांडीवर थाप मारत होते. ओठाच्या वर रंगाचा एक ओघळ आला होता. इतकी रंगलेली चर्चा मी नंतर कधी केली नाही. मॅच संपली, निखिलचा फोन आला, सर लिफ्टपर्यंत सोडायला आले. "या परत," म्हणाले. दार लागलं.

लिफ्ट खाली जाऊ लागली, तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. मोठ्याने, एक शब्द न चुकता. "सर, टीम तुम्ही निवडलीत ती माझ्या मुलासाठी. मी मात्र तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. मला माफ करा."

शेजारी खांद्यावर गादी घेतलेला एक पठाण उभा होता. त्याने गादीआडून मान काढली. "कुछ बोला, चाचा?"

"नहीं," मी म्हणालो.