क्यालेंडरच्या पाठीवरचं शेत

मन्मथप्पा किरानावाले म्हनलं की आख्खं उदगीर वळखतं. पन ह्या माझ्या घरधन्याला चित्राचा नाद हाय, हे सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई. आठवडाभर गूळ न् तूरडाळ जोखनारा मानूस. सोमवारी दुकान बंद, की रंगाची पेटी पिशवीत घालून सायकलीवर शेतात! कागद इकत आनायची तर बातच न्हाई. दालमिलवाले शंकर-पार्वतीचं क्यालेंडर देत्यात ना, साल सरलं की त्याच्या कोऱ्या पाठीवर ह्यांचं शेत उतरायचं.

हा नाद लागला आमची अंबिका गेल्यावर. आठ वर्साची हुती. तापाचं निमित्त झालं, लातूरला नेलं, पन पोर हाताला लागली न्हाई. आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, माती देत्यात, मांडी घालून बसवत्यात. आमच्याच शेताच्या बांधाला लेकीला बसवलं, वर लहानसा नंदीचा दगड ठेवला.

त्या दिसापासून मी शेतात पाय टाकला न्हाई. माझ्याच्यानं झालंच न्हाई. आन् हे महिन्याभरात रंग घेऊन आले. माझ्या अंगाचा नुस्ता तिळपापड झाला. "पोटची पोर मातीआड गेली, आन् तुमाला रंग सुचून राहिले?" असं तोंडावर म्हनले. दुःखाचं बोलायचं म्हनलं की ह्यांच्या तोंडाला कुलूप. मग मीबी जिदीला पेटले. एक चित्र डोळ्याखालून घातलं न्हाई. सगळी गुंडाळून माळ्यावर पडली.

औंदा शेत चौपदरी रस्त्यात गेलं. साहेब म्हनले, समाधी हलवा. दगड हलवला, तो आता अंगनात बेलाखाली हाय. पन लेक कशी हलवायची हो? तिच्यावर डांबर पडलं, डांबरावरनं टरका पळून राहिल्यात. समाधीचा फोटो घरात नको, म्हनून मीच कुनाला काढू दिला नव्हता. आता ती जागा एकदा तरी बघावी म्हनून जीव तुटायला लागला. तवा माळा आठवला. इतकी वर्सं शेत काढलं, एखाद्या चित्रात तरी माझी लेक बसलेली जागा असंलच की!

मागच्या सोमवारी सगळी चित्रं खाली काढायला लावली. हे एकेक उलगडत गेले, आन् कधी न बोलनारा मानूस बोलत सुटला. "हे बग, ह्या साली पाऊस नव्हता, तूर गुडघ्याएवढीबी न्हाई. हे आभाळ बिघडलं, निळं लई झालं. ही विहीर मातर जमली."

"आन् हे डुक्कर कुनाचं?"

"म्हस हाय ती. शेजारच्या शेतातल्या शेषेरावाची."

मला हसू आलं, पन नजर बांध धुंडत हुती. कडूलिंबाचं झाड, विहीर, म्हस, लांब किल्ला. पुन्ना लिंब, पुन्ना विहीर. नंदी कुठंच न्हाई. शेवटचं क्यालेंडर उलगडलं आन् माझा धीर सुटला.

"शेषेरावाच्या म्हशीला जागा हाय, आन् माझ्या अंबिकेला न्हाई? तुमाला ती दिसतच नव्हती का हो?"

ह्यांनी कागदावरचा हात काढला न्हाई. हळूच म्हनले, "नागम्मा, ती चित्रात कशी येईल? मी तिच्यापाशीच बसून काढायचो. पोर एकटी बसली हाय म्हनून जायचो. तिच्या समोर जे असायचं, ते काढायचो."

यव्वा! कागदाचं दुसरं टोक धरून इचारलं, "तुमच्या कोन्या अंगाला असायची?"

"डाव्या."

मी उठले. गुडघे दुखत हुते तरी ह्यांच्या डाव्या अंगाला जाऊन मांडी घालून बसले, आन् ते चित्र नव्यानं बघितलं. लिंबाला सावली हुती. विहिरीला पानी हुतं. म्हस निवांत चरत हुती.

"आता पयल्यापासून पुन्ना उलगडा," मी म्हनले.

त्यान्ला काय दिसंना, डोळे वाहून राहिले हुते. मग मीच उलगडलं.