मिल सिक झाली तेव्हा

काल मोबाइलवर मॅच बघताना नातू ओरडला, "सिक शॉट!" सिक म्हणजे हल्ली एकदम भारी, हेही त्यानेच सांगितलं. मी हसले, पण मला आमचे अण्णा आठवले.

अण्णा सोलापुरात कापडगिरणीत कामाला होते. मी शाळेत असताना एकदा ते भर दुपारीच घरी आले. केसांत कापसाचे तंतू, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. उंबऱ्यावर बसत म्हणाले, "सिक हाय म्हनं."

दवाखान्यात ऐकून ऐकून तो शब्द आईला माहीत होता. भाकरी तव्यावर सोडून ती धावत आली आणि त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला. "ताप न्हाय की वो. कुटं दुकतंय?"

"मला काय न्हाय गं. मिल सिक हाय. गेटला कुलूप लावलंय."

"मग हुईल की बरी," आई म्हणाली.

तोट्यात बुडालेल्या गिरणीला 'सिक' म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं; गिरणीला कसला आलाय ताप, म्हणून मी खुदकन हसले. ती गिरणी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. अण्णांना ते त्याच दुपारी कळलं असावं, असं आता वाटतं. कारण आई हात काढू लागली, तेव्हा त्यांनी तो धरून पुन्हा कपाळावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.