सबनीसकाकांचे चार साक्षीदार

सबनीसकाकांच्या गौरीचा फोन आला तेव्हा मी दुबईत, अल क्वोजच्या गोदामात माल मोजत होते. "ताई, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मी हातातल्या पावतीच्या मागे यादी करायला घेतली. रुग्णालयाचा दाखला, वकिलातीतले कागद, दहनाची वेळ, साताऱ्याला फोन... गाडी अबूधाबीच्या रस्त्याला लागेपर्यंत निम्मी कामं मार्गी लागली होती. शेवटचं लिहिलं, 'काकांचा खोका', आणि त्यापुढे काय करायचं ते सुचेना. आज सहा आठवडे झाले. बाकी सगळ्यावर खूण झाली आहे, हे एकच उरलंय.

सबनीसकाका साताऱ्याच्या कोर्टात रेकॉर्डकीपर होते. काकू गेल्यावर ते लेकीकडे, गौरीकडे, अबूधाबीत अल रीम आयलंडवर, आमच्याच इमारतीत राहायला आले. संध्याकाळी आम्ही पाण्याकडेने चालायचो. मी भरभर, ते सावकाश. "मॅनेजरबाई, पुढे कंटेनर उतरवून घ्यायचाय का?" असं विचारून मला थांबवायचे. अशाच एका थांब्यावर त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील तरुणपणी मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. गावात एका जपान्याचा फोटो स्टुडिओ होता. माणूस हसरा, चहा पाजणारा. इंग्रजांच्या लष्करी लॉऱ्या कोणत्या दिवशी येतात, पावसात कुठला रस्ता बंद पडतो, असलं काहीबाही गप्पांत निघायचं, आणि वडील मुळातच बोलघेवडे. पुढे महायुद्धात जपानी फौज आली तेव्हा हाच फोटोवाला गणवेशात त्यांच्याबरोबर उतरला. मळ्यावरच्या कितीतरी जणांना रेल्वेच्या कामाला हाकलून नेलं. वडिलांना मात्र त्याने नावाने हाक मारली आणि बाजूला काढलं. ते घरी परतले, पण "जपान्यांच्या तांदळासाठी हेरगिरी केली" हे भावकीतलं बोलणं मरेपर्यंत त्यांच्या पाठीशी राहिलं. त्यांनी ते कधी खोडलं नाही, आणि पुन्हा कधी फोटोही काढून घेतला नाही. "ते बोलले, हे तर खरंच," काका म्हणाले. "तो हेर आहे हे त्यांना कळत होतं की नाही, एवढंच मला हवंय. मी जायच्या आत."

त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांच्या आठवणी चिठ्ठ्यांवर टिपल्या होत्या. वडील, आई, आत्या आणि मळ्यावर वडिलांबरोबर असलेले एक चुलते, असे चौघांचे चार गठ्ठे दोऱ्याने बांधलेले. तो खोका त्यांनी मला कॉम्प्युटरवर उतरवायला दिला. नातू म्हणत होता, "आजोबा, जस्ट स्कॅन इट." मला ते अर्धवट काम वाटलं. एका शनिवारी मी सगळे दोरे सोडले, चिठ्ठ्या घटनाक्रमाने लावल्या, टाइप केल्या, अनुक्रमणिका केली आणि छापील फाइल ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी दोन पानं उलटली. "यातलं कुणी काय सांगितलं?"

"ते प्रत्येक चिठ्ठीवर असेलच की."

"नाही हो. गठ्ठा हेच नाव होतं. साक्षीदार एकमेकांत कालवायचे नसतात..." मग माझा चेहरा बघून तेच हसले. "फोटोवाल्यानेही हेच केलं असणार. दहा जणांच्या दहा गप्पा घेतल्या आणि नीट ओळीने लावल्या. सुट्या होत्या तोवर त्या गप्पाच होत्या. तुम्हाला त्याने नोकरी दिली असती."

त्यानंतर ते रोज एकेक चिठ्ठी आठवून तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अक्षर घालत बसले : व, आ, त, चु. मी समोर बसायचे. घाई करायची नाही, एवढंच माझं काम. सगळ्या लागल्या, एक सोडून. 'पूल किती वजनाला टिकेल असं त्याने विचारलं, तेव्हाच कळलं की हा नुसता फोटोवाला नाही.' हे वडिलांनी सांगितलं असेल, तर त्यांना कळत होतं. चुलत्यांनी सांगितलं असेल, तर ती मागाहून सुचलेली हुशारी. "ऐकताना दार उघडं होतं, एवढं आठवतं," काका म्हणायचे, "सांगणारा दिसत नाही." रुग्णालयात नेतानाही ती चिठ्ठी त्यांच्या खिशात होती.

गेल्या आठवड्यात गौरी खोका घेऊन आली. साताऱ्याची भावकी घराण्याचा इतिहास छापतेय. "ताई, 'चु' लिहून टाका ना. बाबांनाही तेच हवं असणार. कुणाला कळणारे?" कुणालाच कळलं नसतं. मी चिठ्ठी उजेडात धरली. कोपऱ्यात अक्षर नव्हतं. लिहून, खोडून, परत लिहून, परत खोडून कागद तिथे इतका झिजला होता की पलीकडचं माझं बोट दिसत होतं. खोटं लिहायला त्यांनाही कुणी अडवलं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि त्याच चिठ्ठीखाली लिहिलं : 'हे कुणी सांगितलं ते आता माहीत नाही. गठ्ठे मी सोडले.' खाली माझी सही केली. गौरी चहा ठेवायला उठली. अक्षरांप्रमाणे परत बांधलेले चार गठ्ठे साताऱ्याला गेले. पाचवा, एकाच चिठ्ठीचा, माझ्या नावाने मागे राहिला आहे. त्याच्यासाठी दोरा कापून ठेवलाय, अजून बांधवत नाही.