गाडीचं कपाळ

भूत पाहिलं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यांच्यात माझ्याइतकं रंगवून सांगणारा तुम्हाला मिळायचा नाही. संगमनेरातल्या त्या काळ्या गाडीच्या भुताची गोष्ट मी लग्नाच्या पंगतींत आणि एस.टी.च्या रांगांत सांगितली आहे. एकदा तर दात काढून घेण्याआधी खुर्चीत बसून सांगितली. मात्र शेवट दर वेळी खोटा सांगितला. ज्यांना खरा शेवट लागला असता, ती दोन्ही माणसं आता नाहीत. म्हणून लिहितो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि त्यांची गाडीही मीच चालवत असे. सकाळी औषधाच्या बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, दुपारी डॉक्टरांना घेऊन खेडी फिरायची. गाडी त्यांनी नगरच्या कॅम्पातल्या एका मुसलमान रंगारी मिस्त्रींकडून नव्याने रंगवून घेतली होती. खाली तांबडं अस्तर, त्यावर काळ्या रंगाचे एकावर एक हात, सगळ्यांत वर मेणाचं पॉलिश. बॉनेटमध्ये पाहून भांग पाडावा, अशी झळाळी!

गाडी ताब्यात देताना त्या मिस्त्रीचाचांनी मला बाजूला घेतलं.

"ड्रायव्हरसाब, शादी झाली?"

"ठरतेय, चाचा."

"मग तोवर या गाडीवर हात बसवा. सुकी धूळ कधी पुसायची नाही. धूळ म्हणजे बारीक दगडच. आधी वरून नुसतं पाणी सोडायचं, मग रिठ्याचं पाणी, आणि जुनं मऊ धोतर. धोतर पिळायची बादली वेगळी. हात सरळ चालला पाहिजे. गोल फिरवलात तर उन्हात कोळ्याचं जाळं दिसेल."

"आणि दिसलंच तर?"

"पॉलिशने घासा. पण चरा भरतो असं समजू नका हां. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून खाली आणायचा, म्हणजे तो लपतो. दर वेळी रंग पातळ होतो. तांबडं दिसलं की खेळ खलास. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

दोन वर्षं मी त्या गाडीवर चरा येऊ दिला नाही. मग डॉक्टरच विषमज्वराने आठ दिवसांत गेले.

तेराव्यानंतर घर त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या हाती आलं. अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर वहिनींच्या खोलीतलं आरशाचं कपाट गड्याला आणि मला उचलायला लावून स्वतःच्या खोलीत नेलं. डॉक्टरांच्या त्या पत्नी माझ्याच वयाच्या, सव्वीस-सत्तावीसच्या. कपाट दारातून तिरकं काढताना त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आरशात त्या क्षणभर येऊन गेल्या, आणि मी नजर खाली घातली.

दवाखाना बंद झाला. डॉक्टरांचा पेट्रोलचा कोटा थांबला आणि गाडी मागच्या अंगणातल्या जुन्या तबेल्यात उभी राहिली. अण्णांनी श्रीरामपूरचं एक गिऱ्हाईक पाहिलं. त्याला गाडीबरोबर ड्रायव्हरही हवा होता. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, नोकरी असली तर वैशाखात बार उडवू, नाहीतर मुलीला दुसरी स्थळं आहेत. तेव्हा माझं लग्न त्या बॉनेटच्या झळाळीवर अडकलं होतं, आणि मी गाडी देवासारखी धूत होतो.

एका सकाळी गाडी उन्हात ढकलली तर बॉनेटवर, मधल्या सांध्याच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढं कोळ्याचं जाळं. मी हळूच पॉलिश लावून ते उतरवलं. दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा जाळं! बाकी गाडीवर धुळीचा थर जसाच्या तसा, आणि तेवढीच जागा पुसलेली. गोल, गोल. तापल्या माणसाच्या कपाळावरून कुणी हात फिरवावा तशी.

घरची मोलकरीण अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर न करताच निकाल दिला.

"डागदर येत्यात."

"कशाला?"

"गाडी पुसाया. लई जीव हुता त्येंचा."

"तू पाहिलंस?"

"बघाया कशाला पायजे? दुपारी बाराचा ठोका पडला की तबेल्यात कुनीतरी उसासे टाकतंय. मी आपली कान झाकून भांडी घासती."

"दोन्ही हातांनी कान झाकून भांडी कशी घासतेस गं?"

"तुमी लई शाने हायसा, कंपौंडर. बसा एक दिस तितं बाराला, मग बोला."

एवढं भांडवल हाती आल्यावर मी गप्प बसणार? पुलाजवळच्या हॉटेलात मी डॉक्टरांचं भूत असं उभं केलं, की गल्ल्यावरच्या माणसाने चहा उतू घालवला. तिसऱ्या दिवशी गोष्ट अण्णांकडे पोचली. त्यांनी मला बॉनेटपाशी उभं केलं.

"भुताला फडकं तूच शिवून दिलंस वाटतं?"

"अण्णा, मी सुकं पुसत नाही."

"मग कोण पुसतं? हे बघ, रविवारी माणूस येतोय. तोवर पुन्हा काही दिसलं तर तू आणि तुझ्या बादल्या, दोघं घरी जा."

गुरुवारी मी बाराच्या आधी गाडीच्या मागच्या सीटपुढे खाली अंग मुडपून पडलो. तबेला तापला होता. गाडीचा पत्रा मधूनच टक् करून वाजे. कौलांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी बॉनेटवर उतरली होती. गावात बाराचे ठोके पडले. कडी निघाली. अनवाणी पावलं आली. मी डोकं वर काढलं, आणि पुढच्या काचेतून पाहिलं तर बॉनेटवर एक चेहरा ओणवा झालेला. खाली काळ्या पत्र्यात तोच चेहरा उलटा. चार डोळे. माझी बोबडी वळली म्हणूनच ओरडलो नाही.

त्या वहिनी होत्या.

त्यांनी पदराची गाठ सोडली. चिमटीत काहीतरी घेतलं आणि बोट खाली नेलं, पत्र्यातल्या चेहऱ्याच्या कपाळावर. बोट उचललं तेव्हा काळ्या रंगावर कुंकवाचा टिळा होता. त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळंच होतं. त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, घराबाहेर पडण्याआधी बायका करतात तशी. मोलकरणीने ऐकलेला तो उसासा मीही ऐकला. मग त्यांनी कोरडा पदर घेतला आणि टिळा पुसला. गोल, गोल.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडाशी पहिलं वाक्य आलं ते असं: अहो वहिनी, सुकं नका पुसू!

शुक्रवारी सकाळी बॉनेट धुऊन कोरडं केलं आणि मडगार्डवर रिठ्याच्या पाण्यातून पिळलेला धोतराचा तुकडा ठेवून दिला. दुपारनंतर पाहिलं तर तो चौघडी घालून परत ठेवलेला, आतल्या घडीत फिकट लाल. नवीन चरा एकही नाही.

राहिलं होतं ते जुनं जाळं. शनिवारी संध्याकाळी मी पॉलिश घेऊन बसलो. गिऱ्हाइकासाठी एकदा घासणं पुरेसं होतं, दोन हात अंतरावरून कुणाला काही दिसलं नसतं. पण उद्या गाडी जाणार, उद्या शेवटची दुपार. त्या जागेत तिला, म्हणजे वहिनींना, नीट दिसावं, एवढंच डोक्यात बसलं. घासत राहिलो. फडक्यावर काळा रंग येत होता, तोही कळला नाही. मग फडकं तांबडं आलं. कुंकू राहिलं असेल म्हणून ओल्या धोतराने पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं.

ते चाचांचं अस्तर होतं. टिकलीएवढं.

रविवारी गिऱ्हाईक सकाळीच आलं. अण्णांचं बोट थेट तिथेच गेलं.

"हे काय आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. खरं सांगितलं असतं तर वैशाखात माझा बार उडाला असता.

"मी घासलं, अण्णा. जास्त घासलं."

"का?"

"चरा होता."

"कुणी पाडलेला?"

"मीच. सुकं पुसत होतो रोज. भुताच्या नावावर खपवलं."

गिऱ्हाईक हसलं. "गाडी घेतो, रंगवता येईल. पण हात कुठे थांबवायचा ते न कळणारा माणूस नको बुवा मला." त्याने स्वतःच स्टिअरिंगमागे बसून चावी लावली. इंजिन चालू करायला पुढून हँडल मारण्यापुरता मी हवा होतो.

मी हँडल घेऊन पुढे वाकलो, तेव्हा वहिनी अंगणात उतरल्या. "गाडीला नमस्कार करते," त्या म्हणाल्या. त्या बॉनेटशी येऊन वाकल्या. हात जोडलेलेच होते, बोट पुढे करायची गरजच नव्हती. पत्र्यातल्या कपाळावर टिळा जागच्या जागी होता, आणि तो कुणाला पुसता येणार नव्हता. त्यांनी मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे.

"मार रे हँडल," अण्णा ओरडले.

मी शक्य तितका वेळ हँडल बसत नाही असं सोंग केलं. नाटकं करण्यात मी कधी कमी पडलो नव्हतो. मग मारलं. इंजिन धडधडलं आणि पत्र्यातला चेहरा थरथरायला लागला.