पाहुण्यांपुढची चाल

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या संघात शिरले ती चालण्याच्या शर्यतीत. धावायला चपळ मुली होत्या, गोळा फेकायला तगड्या होत्या. चालण्याला मात्र कोणीच नाव देईना, कारण ती चालच तशी. गुडघा ताठ, एक पाय कायम जमिनीला, आणि कंबर अशी डावी-उजवीकडे हलणार की बदकानंही मान खाली घालावी. खेळाचे सर म्हणाले, "यूनिवर्सिटी मीट में रायपुर जाना है, तो बस यही बचा है." आईबाबांशिवाय रायपूर! मी लगेच हो म्हटलं.

पहाटे आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या रस्त्यावर सराव चाले. फर्स्ट शिफ्टला निघालेले सायकलवाले वळून वळून बघत. एकजण तर पुढच्याच्या कॅरियरवर आदळला.

त्याच सुमारास वर्ध्याचे पाहुणे मला बघायला येणार, असं ठरलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी कुरकुरले तर आई म्हणाली, "पाह्यल्यानं काई झिजत नाईस तू."

मुलगा पोह्यांकडे बघत बसला होता. कारभार सगळा त्याच्या आत्याकडे. शिवण, टिपण, स्वयंपाक विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "जरा चालून दाखव बरं, पोरी."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत होते. मग मी पदर खोचला आणि निघाले. टाच आधी, गुडघा ताठ, कोपरं फिरताहेत. बैठकीतून व्हरांडा, व्हरांड्यातून फाटक, पेरूच्या झाडाला वळसा, आणि त्याच वेगात परत. आत्याबाईंचा चमचा तोंडाशी थांबला होता.

"हे जन्मापासून आहे काय?"

"नाही," मी म्हटलं, "रोज सराव करते."

बाबांना जोराचा ठसका लागला. मुलगा पहिल्यांदाच बोलला, "याहून जोरात जमते काय?" आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत पोह्यांत शिरला.

'मुलीच्या कमरेत दोष आहे' असा निरोप आला. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. ही बातमी कॉलनीत फिरली आणि शेजारच्या काकू मालिशचं तेल घेऊन आल्या. "माह्या सासूले यानंच आराम पडला."

आई एकदम उसळली. "माह्या पोरीले काई झालं नाई! रेस आहे ते!"

आणि मग आईबाबा दोघंही रायपूरला माझी शर्यत बघायला आले. म्हणजे आईबाबांशिवायचं रायपूर गेलंच. शेवटच्या फेरीत आई कठड्यावरून ओरडली, "कंबर हलव ना वं!" मला हसू फुटलं, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, आणि पंचांनी मला बाहेर काढलं.

आई तडक मैदानात शिरली. "कधी उचलले तिनं दोन्ही पाय? म्या पाह्यलं ना!"

पंचांना मराठीचा शब्द कळत नव्हता. त्यांनी आईला बसायला आपली खुर्ची दिली.