शिंपीकाकांचा पाय

माझी वहिनी घरीसुद्धा विचारल्याशिवाय कोणाच्या ताटात काही वाढत नाही. "वाढू का?" म्हणते आणि उत्तर येईपर्यंत डाव हातात धरून उभी राहते. दादा म्हणतो, "लग्नाला मी हो म्हटलं, तरी हिनं पुन्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली." ती नर्स आहे. मी त्याच दवाखान्यात ट्रॉली ढकलतो, त्यामुळे हा जाच मला घरी आणि कामावर असा दुहेरी आहे. सुई कशाची ते ती आधी सांगते आणि रोगी हो म्हणाला तरच त्याला हात लावते. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाचा तिथे जीव जातो.

हल्ली माझे सदरे शिवतात ते शिंपीकाका एकदा आमच्या वॉर्डात होते. साखरेच्या आजाराने त्यांचं उजवं पाऊल काळं पडलं होतं, ते घोट्याच्या वरून कापायचं ठरलं. दोन्ही मुलांनी सह्या केल्या. मी ट्रॉली घेऊन पोचलो, तेव्हा वहिनीचे नेहमीचे प्रश्न चालले होते.

"काका, सकाळपासून काही खाल्लंत?"

काकांनी हसून मान डोलावली. ऑपरेशनच्या रोग्याने खाल्लं तर पंचाईत, पण त्यांना तर कोणी पाणीही दिलं नव्हतं. वहिनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्याच सुरात विचारलं, "आणि रात्री वॉर्डात नाचलात म्हणे?"

काकांनी पुन्हा आदराने मान डोलावली. मला हसू आलं. तिला आलं नाही.

"यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. "पाय कापायचाय हे यांना माहीत आहे का?"

थोरला गुरकावला, "आम्ही ओरडून सांगितलंय, नवी पट्टी बांधायचीय म्हणून. उभा जन्म मशीन चालवली त्यांनी त्या पायानं. खरं कळलं तर हाय खातील. आणि सह्या केल्यात ना आम्ही?"

"ते शुद्धीवर आहेत, डोकं ठिकाणावर आहे. मग त्यांच्या पायासाठी तुमची सही चालत नाही. कायद्यात नाही आणि माझ्याकडे तर नाहीच."

डॉक्टर तणतणत आले. "काल मी सगळं समजावलंय. त्यांनी मान हलवली होती."

"ते सगळ्यालाच हलवतात, डॉक्टर. काल माझ्याही लक्षात आलं नाही."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. वहिनीने गळ्यातल्या स्टेथोस्कोपच्या नळ्या काकांच्या कानांत घातल्या आणि दुसरं टोक डॉक्टरांच्या तोंडापुढे धरलं. डॉक्टरांनी त्यात जोरात हाक मारली.

"केवढ्यानं ओरडता," काका म्हणाले. "येतंय ऐकू."

डॉक्टरांनी सावकाश सगळं सांगितलं. काकांचं हसू मावळलं. वहिनीचा मला तेव्हा रागच आला. म्हाताऱ्याला सुखानं झोपू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"नाही कापला तर?" काकांनी विचारलं.

"विष वर चढेल. जीव वाचवणं कठीण."

"आणि मशीन?"

"मोटरची घ्या. तिला एक पाय पुरतो."

काकांनी मान मुलांकडे वळवली. म्हणाले, "पाय माझा, आणि बातमी मलाच सगळ्यांत शेवटी?"

धाकट्याला रडू फुटलं. काकांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "कापा," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण थोडं थांबा."

त्यांनी चादर बाजूला केली, गुडघा जवळ ओढला आणि पोटरीवरून हात फिरवू लागले, कपडा शिवून झाल्यावर सुरकुती काढतात तसा. माझा राग कधी गेला ते कळलंच नाही. हे सगळं त्यांना न सांगता होणार होतं, आणि ट्रॉली मीच ढकलणार होतो.

थोरला पलंगाच्या पायथ्याशी बसला. पट्टीवर अलगद दोन्ही हात ठेवून त्यानं बापाचं पाऊल धरलं. काकांनी त्याला हवा तितका वेळ धरू दिलं. मग म्हणाले, "चल, सोड आता," आणि कोणाचा आधार न घेता स्वतःच ट्रॉलीवर सरकले.