दादांच्या थापट्या

माझ्या छातीत कफ साचायचा आणि श्वास अडायचा. मी नऊ वर्षांची असताना दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला पंचवटीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "रोज सकाळी हिला पालथं झोपवा, डोकं खाटेवरून खाली झुकू द्या आणि तळहात खोलगट करून पाठीवर थापट्या मारा."

दादा तांबट, दिवसभर हातोडा चालवणारे. पण माझ्या पाठीवर त्यांचा हात पडेचना. "अगं, हिला कधी बोटसुद्धा लावलं नाही मी," ते आईला म्हणाले.

शेवटी मीच म्हणाले, "दादा, जोरात मारा."

मग त्यांनी नीट थापटलं. घट्ट कफ सुटून खाली ठेवलेल्या पसरट तस्तात पडला आणि मला पोटभर श्वास घेता आला. धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसून दादा कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.